साक्षीदाराचा आवाज

साक्षीदार पुटपुटत होता आणि बाईंची जीभ वळवळत होती.

बाईंनी ती दाताखाली धरून ठेवली. त्यांच्या वकिलाने सकाळीच बजावलं होतं, "आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. बोलायला मी आहे." बोलायला असलेला हा माणूस गेला अर्धा तास डोळे मिटून, हनुवटी छातीला टेकवून बसला होता. शाळांचे खटले चालणाऱ्या त्या खोलीत मोठ्याने बोलत होता तो फक्त छताचा पंखा.

बाईंचा गुन्हा एवढाच, की ज्या विद्यालयातून त्यांनी शिक्षकाची पदविका घेतली, त्याची मान्यता त्या पास होऊन, नोकरीला लागून, चार वर्ग शिकवून झाल्यावर रद्द झाली. तीही मागच्या तारखेपासून. म्हणजे बाई झोपेत असताना कुणीतरी येऊन त्यांचं शिक्षण काढून नेलं म्हणायचं. हे शाळेच्या सचिवांना मान्यता गेली त्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तेव्हा त्यांना दुसरी बाई मिळत नव्हती, म्हणून कायदाही आठवत नव्हता. आता त्यांचा पुतण्या मान्यताप्राप्त पदविका घेऊन घरी बसला आणि सचिवांना कायद्याचा पुळका आला. बाईंना काढा, जागा पुतण्याला द्या, असा अर्ज त्यांनी संस्थेच्या नावाने ठोकला.

निकाल उलटा लागला तर नोकरी जाणार होती आणि तिच्यामागोमाग निवृत्तिवेतनही. नवरा समजूत घालायला गेला, "गेली तर गेली. घरी बसून मला शिकव." बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकवण्यापलीकडचे आहात." मग स्वयंपाकघरात जाऊन त्या पोटभर रडल्या.

आता तोच पुतण्या साक्षीला उभा होता. सचिव पहिल्या रांगेत, जावयाच्या थाटात बसले होते.

"तुमची पदविका मान्यताप्राप्त आहे ना?" संस्थेच्या वकिलाने विचारलं.

पुतण्याचे ओठ हलले. न्यायाधीशांनी कानामागे हात धरला. लेखनिक म्हणाला, "काही ऐकू येत नाही, साहेब."

"बरं. सराव पाठ रीतसर झालेत? खऱ्या वर्गावर, तपासणाऱ्या शिक्षकांसमोर?"

पुतण्याने मान खाली घातली आणि जे काही सांगायचं ते आपल्या बुटांना सांगितलं. बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. वकिलाने पुन्हा विचारलं. पुतण्या पुन्हा बुटांशी बोलला. ज्या बाईचा जन्म वर्गात गेला, तिला भूकंप सोसवेल, हे सोसवत नाही.

"अरे, मान वर कर!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे! किती वेळा सांगायचं तुला?"

बाईंच्या वकिलाला जाग आली आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"किती वेळा सांगितलंत तुम्ही याला?"

बाई चाचरल्या. "म्हणजे... दर पाठाला, साहेब."

"कसला पाठ?"

"सराव पाठ, साहेब," पुतण्याचा आवाज असा काही खणखणीत आला, की मागच्या भिंतीजवळचा पट्टेवाला दचकला. बाईंना आधी नुसतं बरं वाटलं. अर्थ मागाहून लक्षात आला. "माझे सगळे पाठ यांच्याच वर्गावर झाले. शेवटच्या बाकावर बसून यांनीच तपासले. पहिल्या पाठाला नापास केलं, पुन्हा घ्यायला लावला. यांनी पास केलं नसतं तर मला पदविका मिळाली नसती."

दरवर्षी अशी शिकाऊ पोरं शाळेत यायची आणि मुख्याध्यापक त्यांना बाईंच्या गळ्यात मारायचे. न खडूचा तुकडा जास्त, न सुट्टी. ही फुकटची हमाली वकिलाला सांगावी, असं बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

न्यायाधीश संस्थेच्या वकिलाकडे वळले. "बाई अप्रशिक्षित असतील, तर या मुलाला पास कुणी केलं? आणि तो पास नसेल, तर तुम्ही कुणासाठी भांडताय?"

"पुढची तारीख मिळावी," वकील म्हणाला.

"कशाला? तुमच्याच शाळेने इतकी वर्षं यांना शिक्षक घडवायला बसवलं. कामाला प्रशिक्षित आणि पगाराला अप्रशिक्षित, असं चालायचं नाही. अर्ज फेटाळला. बाई, उद्यापासून वर्गावर जा."

सचिव कुणाकडेही न बघता जिना उतरले. त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिला.

बाहेर पाण्याच्या नळाशी पुतण्या तोंड धूत होता. बाईंना आनंद झाला होता, पण त्याला बघून त्या तिथेच थांबल्या. आपल्या जिभेने पोराची जागा घालवली होती.

"वाईट वाटतं रे," बाई म्हणाल्या. आणि राहवेना म्हणून पुढे बोलल्याच, "पण तुझीही चूक आहे. एवढं शिकवलं तरी अजून पुटपुटतोस!"

पुतण्याने जिन्याकडे एकवार पाहून घेतलं. काका दिसत नव्हते.

"विचारलं तेवढंच सांगायचं, अशी काकांची तंबी होती, बाई. आणि त्यांचा वकील तुमचं नाव विचारणार नव्हता. पण कुणी पुटपुटलं की तुमच्याने गप्प बसवत नाही, एवढ्या भरवशावर आज उभा राहिलो होतो."