चार प्लग

सेल्फ पुन्हा नुसताच घरघरला. इंजिन उचलेना. तिने चोक आणखी ओढला, अ‍ॅक्सिलरेटर भराभर चार-पाच वेळा दाबला आणि चावी फिरवली. ठसका लागल्यासारखा एकदा आवाज आला आणि गाडी गप्प झाली. आत पेट्रोलचा वास भरला.

गाडी सासऱ्यांची. नवऱ्यापेक्षा वर्षभराने मोठीच. सहा वर्षं ती हिच्याच हाताखाली होती. दातांच्या लॅबमध्ये ही कवळ्या बनवायची आणि रोज याच गाडीने जायची. गाडीच्या खोडी तिला तोंडपाठ होत्या. गार असेल तर थोडा चोक, दोनदा पाय, मग सेल्फ. पण आज हात थाऱ्यावर नव्हते.

मागच्या सीटवर कपड्यांची बॅग होती आणि हत्यारांची जड पेटी. काल जेवताना नवऱ्याने आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं होतं, की त्याने लॅबच्या मालकांना परस्पर फोन करून तिचं काम सोडल्याचं कळवलंय. घरात कुणीतरी हवं, आणि तिच्या मानेलाही आराम पडेल. त्याने आवाज चढवला नव्हता. तो कधीच चढवायचा नाही. सासरे ताटात बघत राहिले. सासूबाईंनी सगळ्यांच्या भांड्यांत पाणी ओतलं.

सकाळी तिने मालकांना फोन लावला. ते म्हणाले, दहाला दुसरी मुलगी कामावर येतेय. त्याआधी तू टेबलाशी दिसलीस, तर कालचा फोन मला आलाच नव्हता. राहायला मैत्रिणीची खोली होती. आता नऊ वाजून गेले होते. वाट अर्ध्या तासाची.

नवरा गॅलरीत कप घेऊन उभा होता. त्याने तिला अडवलं नाही, की बॅगेला हात लावला नाही. समोरचे शेजारी झाडांना पाणी घालायचे थांबले होते. गाडीलासुद्धा घर सोडवत नाही, असं तो त्यांना म्हणाला. शेजारी कसंनुसं हसले आणि पुन्हा पाणी घालू लागले.

“चावी वर आणून ठेव,” त्याने तिला हाक दिली. “तुझा चहा गार होतोय.”

तिने पुन्हा सेल्फ मारला. आता घरघरही मंदावली होती. बॅटरी उतरली तर संपलंच.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. कारखान्यातले जुने फिटर. बोलणं मोजकं, तेही बहुतेक यंत्रांशी. गाडी त्यांची होती, चावी मागितली असती तर तिला द्यावीच लागली असती. तिने मान खाली घातली.

“बॉनेट उघड,” ते म्हणाले.

त्यांनी पाना लावला आणि एकामागून एक चारही प्लग काढले. काळेमिट्ट, पेट्रोलने ओले. रुमालात गुंडाळले आणि घरात निघून गेले.

ती उघड्या बॉनेटकडे बघत राहिली. गॅलरीतून हसू आलं.

“झालं,” नवरा म्हणाला. “बाबांनी मिटवलं.”

ती उतरली. मागचं दार उघडून पेटी ओढली. मोठ्या रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर, आणि एवढ्या आत रिक्षा फिरकत नसे. दहा पावलांत हात भरून आले. तिने पेटी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. पेटी टाकून जावं, तर कामाला बसायचं कशावर? रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येईना. ती वळली, तेव्हा तिला स्वयंपाकघराची खिडकी दिसली.

गॅस पेटलेला होता. सासूबाई चिमट्यात प्लग धरून ज्योतीवर फिरवत होत्या. एक कोरडा झाला की सासरे तो काचकागदाने घासत आणि दुसरा पुढे करत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

तिने पेटी परत गाडीत ठेवली.

सासरे आले. ऊन ऊन प्लग रुमालाने धरून त्यांनी जागच्या जागी बसवले. मागोमाग नवरा जिना उतरून आला.

“बाबा, हे काय चाललंय?”

“गाडी सुरू करतोय,” सासरे वळून न बघता म्हणाले.

मग त्यांनी तिला सांगितलं, की पेट्रोल जास्त झालंय, चोक पूर्ण आत ढकल. पाय तळापर्यंत दाब आणि दाबूनच धर. आता पंप करायचं नाही. तिने तसंच केलं. सेल्फ रडल्यासारखा फिरला, अडखळला, आणि अचानक इंजिनाने आवाज धरला. मागून काळा धूर निघाला. गाडी थरथरू लागली, मग हळूहळू एका लयीत आली.

सासऱ्यांनी बॉनेट पाडलं. नवरा पायरीवर तसाच उभा होता. हातात कप होता, चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं. खिडकीतून सासूबाई बघत होत्या.

“गाडी मी परत आणून देईन, बाबा,” ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. नको. मग काचेशी वाकले.

“तुझ्या सासूला गाडी चालवता यायची,” ते म्हणाले. “मीच शिकवली होती. एकदा अशीच बॅग घेऊन ती या सीटवर बसली होती, शेजारी दुपट्यात हा. तासभर सेल्फ मारला तिने. शेवटी उतरून आत गेली, ती पुन्हा कधी बसली नाही.”

त्यांनी रुमालाला हात पुसले.

“गाडीत काही बिघाड नव्हता. कॉइलची वायर मी पहाटेच काढून ठेवली होती.”