मिठापायी मेलेली माणसं

"भाऊ, ते मेलेले माणसं कुठी पुरले हायेत?" बुधरीबाईने विचारलं.

कमरुद्दीन किनाऱ्यावर बसून चपलेतली वाळू झटकत होता. त्याला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. "कोनते मेलेले?"

"मिठापायी मेलेले. तुमीच त सांगतलं होतं."

तिने पदराची गाठ सोडली. आत मूठभर मोहफुलं होती आणि थोडे तांदूळ. आलापल्लीपासून दोन दिवसांच्या प्रवासात तिने ही गाठ कुणाला उघडू दिली नव्हती. स्टेशनवर घ्यायला आलेल्या कमरुद्दीनच्या नातीला, गुड्डीला, वाटलं होतं, आत खाऊ आहे. कमरुद्दीनच्या बायकोला, रहमतबीला, तंबाखूची शंका होती.

बंदराचा हा किनारा नबीलने मुद्दाम निवडला होता. कमरुद्दीनचा हा मुलगा, गुड्डीचा बाप, कोकणात बँकेत नोकरीला. दोन्ही बाजूंनी डोंगर पुढे आलेले, मध्ये दगडी बांध, त्यामुळे लाटा वाळूपर्यंत पोचेस्तोवर थकून जात. म्हाताऱ्यांना आणि लहान पोरीला असाच समुद्र बरा. ज्या बाईच्या कडेवर मी वाढलो तिला सोडून समुद्र बघायला यायचं नाही, असं त्याने फोनवरच बजावलं होतं. कमरुद्दीनची छाती तेव्हा फुगली होती. चाळीस वर्षं बाई घरात कामाला आहे, पण आपण तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, हे तो चारचौघांत आवर्जून सांगे.

आता तीच बाई मोहफुलं घेऊन त्याच्यासमोर उभी होती. आणि त्याला सगळं आठवलं. आठवायचं नव्हतं, तरी आठवलं.

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. वडिलांसोबत आठवडी बाजारात मिठाची पोती घेऊन बसायचा. जंगलातल्या बाया चारोळी आणत आणि मापाला माप मीठ घेऊन जात. सगळा बाजारच तसा चालायचा, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नसे. त्या दिवशी एका बाईने जरा जास्त मीठ मागितलं. तिच्या गालावर अस्वलाच्या नखांचे व्रण होते. चारोळी वेचताना अस्वल अंगावर आलं होतं, हे तिच्या सोबतच्या पोरीने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. ती पोरगी म्हणजे बुधरी.

वडील काही बोलायच्या आत कमरुद्दीनच बोलला होता. मीठ काय झाडाले लागते? लोक समुद्राच्या तळाशी उतरून काढतेत. दरसाल दहा-बारा माणसं बुडून मरतेत, तवा हे पोतं इथी येते. त्याने स्वतः समुद्र चित्रातसुद्धा धड पाहिला नव्हता. पोरीने ते आईला गोंडीत समजावलं. दोघी मिळालं तेवढं मीठ घेऊन गेल्या, आणि पुन्हा कधी त्यांनी जास्त मागितलं नाही. वडिलांनी कमरुद्दीनची पाठ थोपटली. पोरगा धंद्याला लागला म्हणून घरी जिलेबी आणली.

पुढे बुधरी विधवा होऊन त्यांच्याच घरी कामाला आली. त्या बाजाराची गोष्ट दोघांपैकी कुणीच कधी काढली नाही. कमरुद्दीन ती विसरला होता. ती विसरली नव्हती.

गुड्डी पाण्यातून धावत आली. मोहफुलं त्या मेलेल्यांना वाहायला आणलीत, हे कळल्यावर तिला हसू आवरेना. "बुधरीदादी, मिठासाठी कोणी मरत नाही. मिठागरात समुद्राचं पाणी अडवायचं, ऊन पडलं की झालं मीठ. आमची सहल गेली होती ना तिथे."

बुधरीबाईने वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग ती नुसती बघत राहिली. एवढं खारं पाणी, आणि राखणीला कुणी नाही.

"तुया दादानं सांगतलं हाय," ती गुड्डीला म्हणाली. "ते खोटं नाई बोलत."

सगळे कमरुद्दीनकडे बघू लागले. नबीलने हळूच मान हलवली. हो म्हणा अब्बा, म्हातारीचं मन राखा, असा त्याचा चेहरा होता. सुटका सोपी होती. कमरुद्दीनच्या तोंडून अर्धी बाहेरही पडली.

"जुन्या जमान्यात..."

बुधरीबाईने त्याचं वाक्य पुरं व्हायची वाटही पाहिली नाही. ती मान डोलवायला लागली होती. तो विश्वास त्याला सोसवेना.

"नाई, बुधरीबाई," तो म्हणाला. "कोनी मेलं नाई. मी खोटं बोललो होतो. तुमच्या मायनं जास्त मीठ मागू नोये म्हनून."

नबीलने तोंड फिरवलं. रहमतबीने गुड्डीला जवळ ओढलं. कमरुद्दीन वाळूकडे बघत बसला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. हिने आता ओरडावं, चार लोकांत शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान ऐकून घेता येईल, असं त्याला वाटलं.

बुधरीबाई ओरडली नाही. ती त्याच्या शेजारी खाली बसली.

"कोनीच नाई मेलं?"

"कोनीच नाई."

"बरं झालं, भाऊ." तिने मोठा श्वास सोडला. "माय मरेपर्यंत भाजीत चिमटीभरच मीठ टाके. म्हने, याच्यापायी कोन्या बाईचं लेकरू गेलं असंल."