व्हर्नाच्या पुंगळ्या

मार्लाने अक्रोडाच्या टरफलांचा भुसा चाळला आणि चाळणीत उरलेल्या पितळी पुंगळ्या बापासमोर बाकावर ओतल्या. उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, पण आता अगदी नव्याकोऱ्या वाटत होत्या. पुन्हा दारू आणि गोळी भरली की शनिवारच्या एल्क हरणाच्या शिकारीला तयार. बापाला खूश करायचं म्हणून तिने हे घासायचं यंत्र विकत आणलं होतं आणि तो जेवून आडवा झालेला असताना गुपचूप गॅरेजमध्ये चालवलंही होतं.

"बघ तरी, बाबा! तोंड दिसतंय त्यात."

आर्विडने चष्मा चढवला. पुंगळ्यांकडे न बघता त्याने बाकाच्या कोपऱ्यातले कॉफीचे दोन्ही डबे उचलले. दोन्ही रिकामे होते.

"दोन्ही ओतलेस?"

"एकाच मापाच्या तर आहेत सगळ्या. आणि काजळी केवढी होती!"

"एक डबा तुझ्या आईचा होता."

मार्लाच्या हातातली चाळणी हातातच राहिली.

डब्यांवर नाव लिहायची आर्विडला कधी गरजच पडली नव्हती. त्याच्या बायकोची, व्हर्नाची रायफल तिच्या वडिलांची, जुनी, आतून सैल झालेली. गोळी उडाली की धूर मागे यायचा आणि पुंगळी तोंडापासून अर्ध्यापर्यंत काळी व्हायची. आर्विडच्या रायफलीतली फक्त तोंडाशी काळी व्हायची. त्याला एका नजरेत कळायचं. आता सगळ्या सारख्याच पिवळ्याधमक झाल्या होत्या.

तसं पाहिलं तर या नवराबायकोचं उभ्या संसारात भांडण झालं ते याच गोष्टीवरून. आर्विड पुंगळी कोरड्या फडक्याने पुसायचा आणि लगेच भरायला घ्यायचा. माती-वाळू नसली म्हणजे झालं, असं त्याचं म्हणणं. "एल्कला मारायचंय, लग्नाला न्यायचं नाहीये," असं तो वर ऐकवायचा. व्हर्नाला काळी पुंगळी बघवायची नाही. ती व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात आपल्या पुंगळ्या धुवायची आणि ओव्हनच्या दारावर टॉवेल टाकून वाळवायची. तिच्या गोळ्यांना लोणच्याचा वास येतो, असं तो सगळ्या खोऱ्यात सांगत फिरायचा.

गेल्या मोसमातल्या पुंगळ्या धुवायला मात्र ती राहिली नाही. तिच्या हातून उडालेल्या त्या शेवटच्या गोळ्या. आर्विडने त्यांना फडकंसुद्धा लावलं नव्हतं. कधीमधी डबा उघडून बघायचा, बंद करायचा.

"मला सांगायचंस तरी," मार्ला म्हणाली.

"काय सांगायचं? बायकोची काजळी जपून ठेवलीय म्हणून?"

तिला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. गॅरेजच्या उघड्या दारासमोरून शेजाऱ्याचा ट्रक गेला, त्याने दोघांना पाहून हात केला, दोघांनीही सवयीने हात केला.

मग आर्विड उठला. कपाटातून त्याने स्वतःची रायफल काढली, ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मांडीवर आडवी घेतली.

"एकेक दे."

मार्लाने एक पुंगळी दिली. त्याने ती आत सरकवली, मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, पुढे ढकलून खाली दाबला. अलगद बसला.

"माझी."

दुसरी. बसली. "माझी."

मग मार्लाच्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी उडताना पितळ फुगतं आणि ज्या बंदुकीतून उडालं तिचा आकार घेऊन बसतं. आईची रायफल सैल, म्हणून तिच्या पुंगळ्या पोटाने मोठ्या. बाबाच्या घट्ट रायफलीत त्या मावायच्या नाहीत. ती घाईघाईने पुढची देऊ लागली.

"माझी. माझी. हळू दे की, पळून चालल्यात का?"

आणि मग एका पुंगळीवर बोल्ट अर्ध्यावरच अडला. आर्विडने पुन्हा दाबून पाहिलं. अगदी हलक्या हाताने. बोल्ट हलेना.

"ही बघ तुझी आई," तो म्हणाला. "जन्मभर अशीच. माझ्या कुठल्या गोष्टीत बसली म्हणून नाही."

मार्ला हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पुंगळी हळूच बाहेर काढली आणि बाकावर वेगळी, उभी ठेवली.

सगळ्या तपासून होईपर्यंत जेमतेम मूठभर निघाल्या. आर्विडने त्यातली एक खिडकीपाशी धरली, फिरवून पाहिली. काळं कुठेच नव्हतं. नाकाला लावून पाहिली, तर अक्रोडाच्या भुशाचाच वास आला.

"डब्यात ठेवू का परत?" मार्लाने विचारलं. "या वेळी नाव लिहून."

"नको. भर त्या."

"भरू?"

"तिची रायफल काढ, पलंगाखाली आहे. शनिवारी तू ने. दुसऱ्या कुठल्या बंदुकीत चालायच्याच नाहीत या."

आईच्या रायफलीला आजवर त्याने कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. मार्ला पुंगळ्या ओंजळीत गोळा करू लागली.

"उडवल्या की पुंगळ्या जपून आणीन परत," ती म्हणाली. "आणि फडकंसुद्धा लावणार नाही. शपथ."

आर्विडने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला.

"धू," तो म्हणाला. "व्हिनेगर सिंकखाली आहे. तिथेच आहे अजून."