न दिसणारा सांधा

निवृत्तीनंतर मास्तरांनी दोन दारांची एक जुनी स्पोर्ट्स कूपे विकत घेतली आणि घरामागच्या गॅरेजात तिच्या पुनरुद्धाराचे जणू व्रतच आरंभले. हात मात्र अजून कच्चा होता. दाराचा गंजलेला पत्रा कापून त्यांनी नवा जोडला, तेव्हा सांधा ओबडधोबड राहिला.

दुसऱ्या दिवशी तो सांधा बोटांनाही लागत नव्हता.

"अहो, कुठे जोडलंय ते कळतसुद्धा नाही," पत्नी दारावरून हात फिरवत म्हणाली. "चाळीस वर्षांत घरातला एक नळ धड केला नाहीत. ही विद्या कुठे दडवून ठेवली होती?"

मास्तर नुसते हसले. इतक्या कौतुकाने ती त्यांच्याकडे कधी पाहत नसे.

पुढे त्यांनी बसवलेले नवे डिस्क ब्रेकही कुणीतरी अधिक निगुतीने पुन्हा बसवले. गॅरेजचे कुलूप बदलून पाहिले, तरी हे थांबेना. पत्नीची स्तुती वाढत गेली आणि तिचा शब्द न् शब्द मास्तरांना निखाऱ्यासारखा पोळू लागला. कारण कर्म दुसऱ्याचे होते.

अखेर तो मत्सर असह्य झाला. एके दुपारी पत्नी चहाचा कप घेऊन गॅरेजच्या बंद दाराशी उभी होती. मास्तर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "अगं, त्या गाडीतलं चांगलं काम माझं नाही."

"ठाऊक आहे मला," ती शांतपणे म्हणाली. आतून कानस घासल्याचा संथ आवाज येत होता. "जरा हळू बोला. कामात असताना आमच्या ह्यांना परक्या माणसाचा आवाज खपत नाही."