गालाच्या पेशी

पडद्यावर निळे ठिपके उजळले आणि स्वरूपा खुर्चीत पुढे सरकली. लेझर मायक्रोस्कोप दुरुस्त झाला, की पहिली चाचणी स्वतःच्याच गालाच्या पेशींवर करायची, ही त्यांच्या प्रयोगशाळेची जुनी रीत. मघाशी तिने आणि धोंगडे सरांनी गालाच्या आतून काडी फिरवून एकेक स्लाइड केली होती आणि सर चहा आणायला गेले होते.

निरोगी पेशीत मधोमध एक लहान, गोल केंद्रक असतं. इथे ही निळी केंद्रकं फुगलेली, वेडीवाकडी, एकमेकांना खेटून बसलेली. तोंडाच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या स्वरूपाला याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. तिने गालाच्या आतून जीभ फिरवली. काहीच लागलं नाही, तरी भीती हटेना. तिने स्लाइड बाहेर काढली.

नमुना नेहमीपेक्षा उलट्या टोकाला फासलेला होता. तसा फक्त सर फासायचे, ते डावखुरे. घाईत तिने त्यांचीच स्लाइड लावली होती. तिची टेबलावर तशीच पडून होती.

"सुटले बाई," ती पुटपुटली आणि तिची तिलाच शरम वाटली.

"झाली का चाचणी?" सरांनी खांद्याने दार ढकलत विचारलं. "माझी स्लाइड कशी दिसतेय?"

तिने हातातली स्लाइड टेबलावर पालथी ठेवली. एरवी वाफाळता चहा एका दमात संपवणारे सर आज कपावर नुसती फुंकर घालत बसले.

"हल्ली गरम सोसत नाही बघ," गाल चोळत ते म्हणाले.