दोन बटणांचा खिसा

जयराजच्या प्रत्येक शर्टावर उजवीकडे, पट्ट्याच्या जरा वर, रुपयाएवढी जागा झिजलेली होती. पिस्तुलाची मूठ तिथे घासायची. कपडे वाळत घालताना रेश्मा त्या जागेवरून बोट फिरवायची.

माधवनगरच्या भागीदाराशी वाकडं आल्यापासून तो परवान्याचं पिस्तूल जवळच बाळगत होता. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. फाटक वाजलं की तिची नजर आधी त्याच्या कमरेकडे जायची.

"बसलं की लय रुततंय," तो जेवताना कुरकुरला.

"मग जाकिटाला आतनं खिसा शिवते."

तिने खोल खिसा शिवला. वर दोन बटणं लावली.

"दोन कशाला गं? काढंस्तवर समोरचा च्या पिऊन जाईल."

"आवं, वाकलासा तर पडंल. लग्नात बारकी पोरं असत्यात."

त्याला पटलं. गाडी चालवताना टोचू नये म्हणून तिने सीटखाली कुलपाची पेटी बसवून घ्यायला लावली. उसात जाताना पोटरीला पट्टा, वरून पँट.

"बायकूचं डोकं बघा," तो सांगलीच्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

"आन् घरात?" एकदा तिने हळूच विचारलं. "माळ्यावर ठेवूया?"

"येडी का काय? घरातच तर लागतंय."

त्या रात्रीही ते उशीखालीच राहिलं, नळी तिच्या बाजूला करून.

मग निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस ठाण्यातून फोन आला : निकालापर्यंत हत्यार जमा करा. जयराज शिव्या घालत राहिला. कणीक मळणारे रेश्माचे हात थांबले.

"मी बी येते," ती म्हणाली. "येताना तुमच्याजवळ काय नसणार. मला भ्या वाटतंय."

"तू काय लाटणं घिऊन राखण करणार व्हय?" हसतच त्याने गाडी काढली. कराड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती.

ठाण्यात हवालदाराने पिस्तूल उलटसुलट पाहिलं, गोळ्या वेगळ्या केल्या, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली त्याच्या खिशात जाईपर्यंत रेश्माने नजर हलवली नाही.

"निकाल लागला की या," तो जयराजला म्हणाला.

"चल गं," जयराज उठला.

रेश्मा बसूनच राहिली. तिने पदर सावरला आणि हवालदाराकडे पाहिलं.

"साहेब, मला तक्रार द्यायची हाय. माझ्या नवऱ्याविरुद्ध."