मागे उभं राहणारं माणूस

कानसाहेबांनी पोरीची यंत्रं जप्त केली. पण कागदोपत्री तशी नोंद कुठेच नाही, तेव्हा ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

त्या सकाळी बाप-लेक श्रवण केंद्रात आले ते नेहमीच्या तपासणीला. बाप रंगारी, नखांत कुठल्यातरी भिंतीचा पिवळा रंग. पोरगी दुसरीतली, दोन्ही कानांमागे निळी श्रवणयंत्रं. कानसाहेब हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्यांचं खरं पद इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीत मावलं नव्हतं. शेवटची अक्षरं भिंतीवर लिहावी लागली होती.

केंद्र मुलांना यंत्रं मोफत देई. अट एकच. रोज सकाळी घरच्या कुणीतरी मुलाच्या मागे उभं राहायचं, तोंडावर हात धरायचा आणि सहा आवाज म्हणायचे: आ, ऊ, ई, म्, श्, स्. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत माणसाचं सगळं बोलणं या सहांत येतं. मुलाने ऐकून तसंच म्हणायचं. सहाही आले की यंत्र ठीक. घरी असं माणूस नसेल, तर यंत्र रांगेतल्या पुढच्या मुलाला. अट कानसाहेबांनीच घातली होती आणि आजवर कुणाला सूट दिली नव्हती.

"रोज म्हणता ना आवाज?"

"रोज, साहेब. कामावर जायच्या आधी. सगळे येतात तिला."

कानसाहेबांनी यंत्राला नळी जोडली, नळीचं दुसरं टोक स्वतःच्या कानात घातलं आणि यंत्रासमोर आवाज म्हणून पाहिले. पहिले चार खणखणीत. श् किंवा स् आला की यंत्र मख्ख. दुसरं लावलं. तेही मख्ख.

"बिघडलीत. दोन्ही."

हल्ली हे फार व्हायला लागलं होतं. बिघडलेली यंत्रं ते कंपनीला पाठवत आणि कंपनी 'दोष नाही' अशी चिठ्ठी लावून परत पाठवी. तिथे तपासतं कोण, देव जाणे. वस्तूंचा दर्जाच राहिला नव्हता. त्यांच्या घरचा मायक्रोवेव्ह घ्या. एका माणसाचं जेवण गरम झालं की टिंग करायचं, एवढंच त्याचं काम. तेही त्याने बंद केलं. नवा आणला, तोही मुका निघाला. दुकानदाराशी ते भांड भांड भांडले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब संभाषण.

"आजच बिघडली असतील, साहेब," बाप म्हणाला.

"बघू की."

त्यांनी यंत्रं पोरीच्या कानांत परत बसवली, तिच्या मागे उभे राहिले आणि तोंडावर हात धरला. आ, ऊ, ई, म्. पोरीने चारही पटापट परत केले. मग त्यांनी श् म्हटलं आणि थांबले. उत्तर नाही. स् म्हटलं. उत्तर नाही.

"बघा. गप्प."

बाप खुर्चीत पुढे सरकला. "म्हणाली की, साहेब."

"मी तिच्या मागे उभा आहे. तुम्ही तिकडे खुर्चीत बसलाय."

"हां, ते आहेच."

"म्हणजे यंत्रं कधीची मुकी आहेत आणि तुम्ही मला 'रोज म्हणतो' म्हणून सांगताय."

"पोरीची शप्पथ, म्हणतो. यंत्रं घेऊ नका, साहेब. शाळेत बाई काय बोलतात ते आत्ता कुठे कळायला लागलंय तिला. मैत्रीणसुद्धा झालीये एक."

"नियम सगळ्यांना सारखा."

कानसाहेबांनी यंत्रं काढून खणात ठेवली आणि किल्ली फिरवली.

पोरगी रडली नाही. तिने दोन्ही कान चाचपले, साहेबांकडे पाहिलं आणि खेळ पुढे सरकला असं समजली. मागच्या तपासणीला त्यांनी कबूल केलं होतं, पुढच्या वेळी तू साहेब. सगळ्या मुलांना ते असंच कबूल करत. वसुलीला कुणी येत नसे.

"आता मी साहेब!" ती म्हणाली, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने.

बापाने तिचा हात धरला. "चल गं बाई, साहेबांना कामं असतात."

"असू दे," कानसाहेब म्हणाले. त्यांना कुणी खेळायला बोलावून बराच काळ झाला होता. ते मुलांच्या छोट्या खुर्चीत बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. पोरगी मागे जाऊन उभी राहिली.

"आ."

"आ," कानसाहेब म्हणाले.

"ऊ."

"ऊ."

"ई."

"ई."

"म्."

"म्."

मग शांतता. कानसाहेब वाट बघत बसले. पाठीमागे कुणीतरी उभं आहे, हे बरं वाटत होतं. घाई नव्हती.

"अडकली वाटतं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "पुढचे विसरली."

बाप नखातला रंग खरवडत होता. त्याने मान वर केली नाही.

"म्हणून झालं, साहेब. दोन्ही. दोनदा."

कानसाहेब छोट्या खुर्चीतून लगेच उठले नाहीत. तशीही ती उठायला अवघड होती. उठल्यावर त्यांनी खण उघडला आणि यंत्रं पोरीच्या कानांमागे स्वतः बसवली.

"उद्यापण म्हणा," ते बापाला म्हणाले.

"हो, साहेब."

दारातून पोरगी वळून काहीतरी बोलली. कानसाहेबांनी अंदाजाने मान हलवली.

खोली रिकामी झाली. त्यांनी यंत्राच्या मागणीचा एक कोरा अर्ज पुढ्यात ओढला. 'बालकाचे नाव' इथे स्वतःचं नाव घातलं. वय, सत्तावन्न. शाळा, सुटली. 'रोज सकाळी मागे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचे नाव व नाते' या रकान्याशी पेन थबकलं. मग त्यांनी सरळ, सरकारी अक्षरात लिहिलं:

"अर्जदाराच्या घरी अशी व्यक्ती नाही. तरी कार्यालयाने एक व्यक्ती पुरवावी, नाते कोणतेही चालेल, ही नम्र विनंती."